अर्धवट राहिलेलं अपडेट आणि अर्जुनाची भीती



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४४.

काल आपण मनाच्या चंचलपणापाशी थांबलो होतो. मन आवरणं म्हणजे वारा आवरण्याइतकं कठीण, असं अर्जुन म्हणाला. भगवंतांनी ते नाकारलं नाही. कठीण आहेच, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते जमतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्यापैकी बरेच जण इथे वही बंद करतात. अभ्यास करायचा, ठरलं! अर्जुन मात्र थांबत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न तुमचा-माझा आहे.

तो विचारतो, समजा एखाद्याने श्रद्धेने सुरुवात केली, पण मध्येच मन ढळलं, प्रयत्न कमी पडले आणि योग पूर्ण झालाच नाही, तर त्याचं काय होतं? संसाराची वाट त्याने सोडलेली, ब्रह्माची वाट अजून सापडलेली नाही. दोन्हीकडून सुटलेला तो माणूस फाटलेल्या ढगासारखा विरून तर जात नाही ना? उन्हाळ्यात आकाशात बघा. मोठ्या ढगापासून एक तुकडा तुटतो, दुसऱ्या ढगापर्यंत पोचत नाही, पाऊस पाडण्याइतकं पाणी त्याच्यात नसतं, आणि आपण बघत असतानाच तो नाहीसा होतो. अर्जुनाला त्या तुकड्याची भीती वाटते.

हे श्लोक मी याआधी अनेकदा वाचले आहेत. पण त्यातली भीती मला खऱ्या अर्थाने कळली ती गेल्या शुक्रवारी रात्री, बंद पडलेल्या वाय-फाय राउटरसमोर जमिनीवर बसलेलो असताना. हसू नका, सांगतो.

आई सध्या आमच्याकडे आली आहे. रोज संध्याकाळी सात वाजता गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ असतो. आई गावी नसली की तिकडे कुणीतरी मोबाईल समोर उभा करून ठेवतं आणि ती इथून व्हिडिओ कॉलवर टाळ धरते. आवाज थोडा मागेपुढे होतो, पण तिचं चालतं. "माझी जागा रिकामी राहत नाही," असं ती म्हणते.

शुक्रवारी पावणेसातला मी राउटरचं फर्मवेअर अपडेट सुरू केलं. बरेच दिवस ॲपमध्ये लाल ठिपका दिसत होता आणि मी तो टाळत होतो. टाळू नये हे मला माहीत आहे. २०१८ साली 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या मालवेअरने ५० पेक्षा जास्त देशांतली किमान ५ लाख उपकरणं पोखरली होती, आणि त्यात बहुतेक घरगुती आणि छोट्या ऑफिसातले राउटर होते. राउटर हा घराचा उंबरठा आहे, त्याची कडी मजबूत हवी. तर म्हटलं, पाच मिनिटांचं काम, सातच्या आत होऊन जाईल. बटण दाबलं आणि ऑफिसचा फोन आला म्हणून आत गेलो. घरात कुणालाही सांगितलं नाही.

तेवढ्यात वळवाचा पाऊस आला. वीज कडाडली. आईने आयुष्यभर जे केलं तेच केलं. टीव्हीचा प्लग काढला, फ्रिजचा काढला आणि राउटरचाही काढला. गावाकडे विजा सुरू झाल्या की घरातली मोठी माणसं हेच करतात, आणि त्यात काही चूकही नाही.

मी बाहेर आलो तेव्हा तिने प्लग परत लावला होता. राउटरचा एकच दिवा मिणमिणत होता, बाकी सगळे बंद. दहा मिनिटं वाट पाहिली. बंद करून पुन्हा चालू केला. काहीच नाही. आणि मी आईला म्हणालो, "तुला यातलं काही कळत नाही तर हात कशाला लावतेस?"

ती काही बोलली नाही. सात वाजले होते. तिने टाळ घेतले, देव्हाऱ्यासमोर बसली आणि एकटीनेच हरिपाठ सुरू केला. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट गॅलरीत व्यवस्थित चालतो. तिथे तिला दोन मिनिटांत कॉल जोडून देता आला असता. रागाच्या भरात ते मला सुचलंसुद्धा नाही.

आता राउटरच्या आत काय झालं होतं ते सांगतो, कारण अर्जुनाचा प्रश्न तिथेच आहे.

राउटरचं फर्मवेअर फ्लॅश मेमरीत असतं. फ्लॅश मेमरीचा स्वभाव असा की जुन्या लिखाणावर नवं लिहिता येत नाही. आधी तो भाग पूर्ण पुसायचा, मग नवं लिहायचं. पाटीसारखंच. महागड्या राउटरमध्ये बऱ्याचदा दोन पाट्या असतात. एकीवर जुनं तसंच ठेवून दुसरीवर नवं लिहितात, आणि नवं बिघडलं तर जुन्यावर परत येतात. माझ्या राउटरला एकच पाटी. प्लग निघाला तेव्हा जुनं पुसलेलं होतं आणि नवं अर्धंच लिहून झालं होतं. जुनंही गेलं, नवंही आलं नाही. दोन्हीकडून सुटलेला! फाटलेला ढग माझ्यासमोर दिवा मिचकावत बसला होता.

मंडळी, मी इतका का चिडलो, हे मला त्याच वेळी आतून माहीत होतं. राउटर दीड-दोन हजारांत नवा येतो. चिड वेगळ्याच गोष्टीची होती. गेल्या वर्षी आषाढी एकादशीला मी संकल्प केला होता की रोज सकाळी ज्ञानेश्वरीच्या ओव्या वाचायच्या. रोज थोड्याच, पण खंड पडू द्यायचा नाही. दीड-दोन महिने नीट चाललं. मग भाद्रपदात ऑफिसमध्ये मोठं रिलीज आलं, रात्रीचे कॉल सुरू झाले, एक सकाळ चुकली, मग दुसरी. मग पुस्तक देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर तसंच राहिलं, मोरपिसाची खूण नवव्या अध्यायात.

गंमत बघा, या काळात मी इथे लिहितच होतो. मेट्रोत बसून तुम्हाला अभ्यासावर चिंतन पाठवत होतो आणि घरी माझा अभ्यास बंद होता. पुन्हा सुरू करावं असं दर आठवड्याला वाटायचं. पण लगेच दुसरा विचार यायचा, आता मधूनच काय सुरू करायचं? संकल्प तर मोडलाच. पुढच्या आषाढीला पहिल्यापासून करू, नीट करू. बाकीची कर्मकांडं मी आधीच सोडलेली, आणि हेही सुटलेलं. त्या अर्धवटपणाची लाज साठत गेली होती, आणि दुसऱ्या कुणी काहीतरी अर्धवट केलेलं दिसताच ती सगळी तिच्या अंगावर ओतली गेली.

रात्री साडेआठला कामाला लागलो. लॅपटॉपला लॅनची वायर लावली. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला. हा पत्ता दिसला की समजायचं, समोरून पत्ता देणारं कुणी नाही आणि मशीनने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. म्हणजे राउटरची मुख्य प्रणाली गेली होती. पण तो एक दिवा मिणमिणत होता, आणि तीच आशेची खूण होती.

कारण फ्लॅश मेमरीच्या सुरुवातीला एक छोटासा वेगळा कप्पा असतो, त्यात बूटलोडर राहतो. वीज आली की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि मग मुख्य फर्मवेअरला हाक मारतो. साध्या अपडेटमध्ये सहसा या कप्प्याला धक्का लावत नाहीत. मुख्य प्रणाली अर्धी पुसलेली असली तरी बूटलोडर शाबूत असतो. आणि बऱ्याच राउटरच्या बूटलोडरमध्ये बचावाची एक सोय असते. रिसेटचं बटण दाबून धरून राउटर चालू केला की तो वायरीवरून विचारतो, माझ्यासाठी फाईल आहे का? हे टीएफटीपी नावाच्या अगदी साध्या पद्धतीने चालतं, १९८० च्या दशकापासून. त्यात पासवर्ड नाही, नखरे नाहीत. मागायचं आणि घ्यायचं.

माझ्या राउटरला समोरचा लॅपटॉप १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर लागतो आणि फाईलचं नाव ठरावीक लागतं. हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, त्यामुळे आपल्या मॉडेलची माहिती बघूनच करा. मी गॅलरीत जाऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर फाईल उतरवली. मग राउटर उलटा करून लेबल पाहिलं. मॉडेल तेच, पण हार्डवेअरची आवृत्ती वेगळी! नाव एकच असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीच्या आवृत्तीची फाईल घातली तर होतं नव्हतं तेही जातं. बरोबर आवृत्तीची फाईल पुन्हा उतरवली. लॅपटॉपला तो पत्ता हाताने दिला, वाय-फाय बंद केलं, फाईलचं नाव बदललं, रिसेट दाबून धरलं आणि राउटर चालू केला.

काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा केलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा, तेच. साडेदहा वाजले होते. मनात आलं की बूटलोडरही गेला. संपलं.

मग लक्षात आलं. लॅपटॉपचं फायरवॉल चालू होतं. राउटर दर वेळी विचारत होता, तीनही वेळा. त्याची हाक वायरीतून माझ्या लॅपटॉपपर्यंत येत होती आणि माझीच भिंत ती गपचूप टाकून देत होती. मी समजत होतो की तो मेला आहे, आणि तो तर मागत होता. फाईल माझ्याकडे होती. मध्ये उभा होतो तो मीच.

मंडळी, मी तिथे थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आतल्या खोलीत आई अजून जागी होती, तिच्या माळेचा आवाज येत होता.

आता श्लोकाकडे या. अर्जुनाच्या प्रश्नाला भगवंतांनी काय उत्तर दिलं? त्या उत्तरातला एक शब्द पाहा. चाळिसाव्या श्लोकात ते अर्जुनाला 'तात' म्हणतात. वडीलधाऱ्याने लेकराला जवळ घेऊन म्हणावं, तसं. कौंतेय, भारत, महाबाहो ही हाक मारण्याची नावं त्यांच्याकडे भरपूर होती. पण जो विचारतो आहे की 'मी अर्ध्यात पडलो तर?', त्याला त्यांनी लेकरू म्हटलं. "आधी पूर्ण करून ये, मग बोलू," असं म्हटलं नाही. "का सोडलंस?" असंही विचारलं नाही.

आणि वचन दिलं. कल्याणाच्या वाटेवर चालणाऱ्याची दुर्गती होत नाही, इथेही नाही आणि परलोकातही नाही. तो पुन्हा चांगल्या घरात जन्म घेतो, किंवा त्याहूनही दुर्मीळ म्हणजे योग्यांच्याच कुळात. तिथे त्याला आधीच्या जन्मातली बुद्धी परत मिळते आणि तो तिथून पुढे प्रयत्न करतो. चव्वेचाळिसाव्या श्लोकात तर म्हटलंय की पूर्वीचा अभ्यास त्याला ओढून नेतो, त्याची इच्छा असो वा नसो.

'तिथून पुढे' हे लक्षात घ्या. माझ्या मनाचा हट्ट होता की पहिल्यापासून सुरुवात करायची, शुभ मुहूर्तावर, कोऱ्या वहीत. भगवंतांच्या हिशोबात कोरी वही नाहीच. जे झालं ते जमा आहे. दीड-दोन महिन्यांच्या त्या ओव्या माझ्यात कुठेतरी लिहिलेल्या आहेत, आणि मी आठ महिने त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलो म्हणून त्या पुसल्या गेल्या नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राउटरचा दाखला एका जागी संपतो. बूटलोडरसुद्धा बिघडू शकतो. भलतीच फाईल घातली, नको तो कप्पा पुसला, तर मग राउटर उघडून चिपला तारा जोडाव्या लागतात, आणि घरच्या घरी ते बहुतेकांना जमत नाही. यंत्राच्या आशेला मर्यादा आहे. भगवंतांच्या वचनात मात्र अशी अट घातलेली नाही. एवढ्या खोलवर बिघडलास तर मग मी नाही, असं ते कुठेही म्हणत नाहीत. आतला तो कप्पा त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे, तो आपल्या हाताने पुसता येत नाही.

म्हणजे मग आपण काहीच करायचं नाही का? करायचंय, आणि ते राउटरने मला शिकवलं. दिवा मिणमिणतोय याचा अर्थ आतून कुणीतरी मागतंय. पहाटे कारण नसताना जाग येते, कुठल्याशा मंदिरावरून जाताना पाय रेंगाळतात, गाडीत अचानक जुना अभंग ओठावर येतो. हीच त्या पूर्वाभ्यासाची ओढ. त्या वेळी आपली भिंत मध्ये येते, आणि माझ्या अनुभवात ती भिंत आळसाची कमी आणि लाजेची जास्त असते. 'कुठल्या तोंडाने पुन्हा सुरू करू?' ही ती भिंत. ती खाली करायची, हाताशी जे आहे ते द्यायचं, आणि मग हात काढून घ्यायचा.

हात काढून घेणंही महत्त्वाचं आहे. फायरवॉल बंद केल्यावर चौथ्या खेपेला फाईल काही सेकंदांत गेली. पण ती आत लिहिली जायला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत बाहेरून काहीच कळत नाही. दिवा तसाच मिणमिणतो. कितीतरी राउटर याच वेळी मरतात, कारण माणूस कंटाळून बटण दाबतो. साधनेतही 'काहीच होत नाहीये' असं वाटणारे दिवस असतात. आत लिहिणं चालू असतं. तेव्हा प्लग काढू नका.

अकराच्या सुमाराला एकामागून एक दिवे लागले. राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला होता, नाव-पासवर्ड सगळं पुन्हा घालावं लागलं. मी आत गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण आईनेच आधी विचारलं, "जेवलास का रे बाळा?"

'तात' या शब्दाचा अर्थ मला यापेक्षा चांगला कुठल्याही भाष्यात सापडला नाही.

मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आई, मघाशी मी चुकलो. तू प्लग काढलास त्यात तुझी चूक नव्हती. मी सांगून ठेवायला हवं होतं." ती म्हणाली, "मला वाटलं माझ्यामुळे तुझं काम गेलं. म्हणून मी मघापासून माळ ओढत होते." म्हणजे मी बाहेर फायरवॉलशी भांडत होतो तेव्हा ती आत माझ्यासाठीच जप करत होती. मला पुढे काही बोलता आलं नाही.

शनिवारी सकाळी फळीवरची ज्ञानेश्वरी काढली. धूळ पुसली. बोटं सवयीने पहिल्या अध्यायाकडे गेली, मग थांबलो. जिथे मोरपीस होतं तिथेच उघडली, नवव्या अध्यायात, आणि तिथून पुढे वाचलं.

बऱ्याच जणांच्या घरी राउटर माझ्यासारखाच जुना असेल, म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून थांबतो. अपडेटपूर्वी लेबलवरचं मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती दोन्ही बघा. फाईल उत्पादकाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, आणि तिथे चेकसम दिला असेल तर जुळवून पाहा. सेटिंग लिहून ठेवा. वाय-फायवरून नको, वायर लावून करा, आणि असेल तर यूपीएसवर. नंतर काही विचित्र वागला तर एकदा फॅक्टरी रिसेट करून सेटिंग हाताने घाला, कारण जुन्या आवृत्तीचा बॅकअप नव्या आवृत्तीला मानवेलच असं नाही. राउटर इंटरनेट कंपनीने दिलेला असेल तर स्वतः फाईल घालू नका, त्यांची अपडेट बहुतेक वेळा तेच दुरून करतात, अडचण आली तर त्यांनाच फोन करा. आणि सगळ्यात आधी घरातल्या माणसांना सांगा. आकाशात ढग असतील तर दुसऱ्या दिवशी करा.

आजचा अभ्यास: तुमचं जे काही मध्येच सुटलं आहे, जप असो, पोथी असो, उपवास असो किंवा एखाद्या माणसाशी बोलणं असो, ते आज एकदाच उघडा. पहिल्यापासून नको. खूण जिथे आहे, तिथून.

उद्या श्लोक ४५.

राम कृष्ण हरी.